मी, एक उपमेय

मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री "मराठीचे माझ्यावर सोड" असे मी म्हणालो, तेव्हा मराठीत अलंकार नावाचे एक प्रकरण असते, ही गोष्ट माझ्या स्मरणातून पार पुसली गेली होती. विज्ञान तिच्या आईने पत्करले होते, आणि ज्या भाषेत आपण रोज भांडतो तिचा अभ्यास तो काय असायचा, अशा समजुतीत मी पुस्तक उघडले. पहिल्याच पानावर उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द असे चौघे जण ओळीने उभे होते आणि त्यांतला एकही मला ओळख दाखवीना.

उदाहरणे सगळी मुखकमलांची आणि चंद्रमुखींची होती. असे कोणी आपण कधी पाहिलेले नाही, तेव्हा समोर दिसेल असे काहीतरी घे, असे मुलीने सुचवले. हे बोलताना तिची नजर माझ्या टकलावर स्थिरावली होती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले.

"बाबांचे डोके चंद्रासारखे चकाकते," असे तिने वहीत लिहिले आणि क्षणार्धात चौघांची ओळख पटली. डोके हे उपमेय, चंद्र हे उपमान, चकाकणे हा साधारण धर्म आणि 'सारखे' हा साधर्म्यवाचक शब्द. इथे थांबलो असतो तर माझी अब्रू आणि तिचे गुण दोन्ही वाचले असते. पण शिकवणाऱ्याला एकदा सूर सापडला की तो थांबत नाही. "बाबांचे डोके म्हणजे जणू चंद्रच" ही उत्प्रेक्षा झाली. "बाबांच्या मस्तकचंद्राने खोली उजळली" हे रूपक झाले, कारण आता डोके आणि चंद्र यांत भेदच उरला नाही. "हे डोके नव्हेच, हा तर चंद्र" या अपन्हुतीत माझ्या डोक्याचे अस्तित्वच नाकारले गेले. व्यतिरेकात मात्र मी चंद्रावर मात केली, कारण चंद्रावर डाग आहेत आणि माझ्या डोक्यावर, मुलीच्या निरीक्षणानुसार, तेवढाही काळेपणा शिल्लक नाही. अतिशयोक्तीसाठी मी गच्चीवर गेलो की समुद्राला भरती येऊ लागली. अनन्वयात उपमेयाला उपमेयाचीच उपमा देतात, म्हणून बाबांच्या डोक्यासारखे बाबांचेच डोके ठरले. या एका वाक्यात मला जरा आदर जाणवला, पण तो अलंकाराच्या व्याख्येमुळे होता.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तिथेच विषय मिटवण्याची सोय होती. पण पुढच्या आचार्यांना स्वस्थ बसवले नाही, आणि सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत येता येता ही संख्या शंभराच्या पलीकडे गेली. त्यांतले मूठभरच शाळेपर्यंत पोचले, हे माझ्या डोक्याचे भाग्य.

खरी अडचण ससंदेह आणि भ्रांतिमान यांनी केली. डोके की चंद्र, असा नुसता संशय पडला तर ससंदेह, आणि चंद्रच आहे असे मानून कोणी तसे वागलेही, तर भ्रांतिमान. हे मी तीन वेळा समजावले आणि तिन्ही वेळा उलटसुलट समजावले. तेवढ्यात दिव्याभोवती घिरट्या घालणारे एक पाखरू खाली आले, क्षणभर घुटमळले आणि सरळ माझ्या टाळूवर येऊन बसले. "भ्रांतिमान!" असे मुलगी इतक्या आनंदाने ओरडली की, त्या पाखराला उडवून लावण्याचे धैर्य मला झाले नाही. या यशाच्या भरात मी तिला एक गुरुकिल्लीही देऊन टाकली: 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा समजावी आणि 'की' दिसला की ससंदेह.

शब्दालंकार आम्ही भराभर उरकले. अनुप्रासाला आणि यमकाला कान पुरतात. श्लेषासाठी तिने "केस नसलेला वकील" असे लिहिले. मी वकील नाही, पण त्या रात्री स्वतःची बाजू मांडायला मलाही जागा नव्हती.

शब्दशक्तींच्या पानावर 'घरावरून हत्ती गेला' हे ठरलेले वाक्य होते. अभिधेने, म्हणजे शब्दशः, घेतले तर छप्पर कोसळते, आणि लक्षणेने, म्हणजे जुळेल तो अर्थ लावून, घेतले तर हत्ती निमूटपणे रस्त्याने जातो. व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, शिकवायला काव्यशास्त्रकार मम्मटाचे 'काव्यप्रकाश'मधले जुने उदाहरण घेतले. 'सूर्य अस्ताला गेला' हे एकच वाक्य. गुराख्याला ते गुरे घरी वळवायला सांगते आणि मजुराला काम थांबवायला. मुलीला ते पटेना. तेव्हा माझी आई दारात आली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "साडेअकरा वाजले." मुलीने ऐकले की, आता झोपायला हवे. बायकोने ऐकले की, हे काम यांच्यावर सोपवायलाच नको होते. मी काय ऐकले ते लिहिण्यासारखे नाही. मम्मटाला जे कागदावर मांडायला अकरावे शतक उजाडावे लागले, ते आईने दोन शब्दांत आटोपले.

राहिले रस. नऊ रसांची नावे पाठ होती, पण व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन जाणारे तात्पुरते भाव, तेहतीस आहेत म्हटल्यावर मुलीने वही मिटली. मला मात्र ती यादी वाचताना ओळखीची वाटली: श्रम, आलस्य, दैन्य, चिंता, जडता, विषाद असे क्रमाने सगळे त्या रात्री माझ्याकडे येऊन गेले होते. मनातला भाव चेहऱ्यावर दिसू न देणे म्हणजे अवहित्थ. उत्तर येत नसताना मी चष्मा पुसत होतो, तो हाच. निद्रा त्या यादीत आहे, पण ती काही केल्या आली नाही.

पंधरा दिवसांनी उत्तरपत्रिका घरी आली. स्वतःच्या मनाने द्यायच्या उदाहरणाखाली बाईंनी तांबड्या शाईने लिहिले होते, "उदाहरण बरोबर. वडिलांचा आदर राखावा." मी थोडा सुखावलो. पुढच्या पानावर 'की' असलेली एक ओळ होती, तिच्यापुढे मुलीने माझ्या गुरुकिल्लीप्रमाणे ससंदेह लिहिले होते आणि त्यावर काट होती, कारण 'की' उत्प्रेक्षेतही येतो आणि तिथे तो उत्प्रेक्षेचाच होता.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "कारण एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्याच ठिकाणी, असे झाले तर त्याला काय म्हणतात, माहीत आहे?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"असंगती. चूक तुझी, गुण माझे गेले."