खुलासा : ते सोन्याचे नाणे पापमुक्तीची पावती नाही

‘माइन्झच्या आर्चबिशपने पापमुक्ती विकत घेणाऱ्यांना पावती म्हणून दिलेले सोन्याचे नाणे’ असा फोटोसह मेसेज सध्या फिरतो आहे. (माइन्झ हे जर्मनीतले शहर, आर्चबिशप म्हणजे वरिष्ठ ख्रिस्ती धर्मगुरू, आणि पापमुक्ती म्हणजे चर्चने पैसे घेऊन दिलेली पापांच्या शिक्षेतून सूट.) मीही तो न तपासता पुढे पाठवला होता. ती माझी चूक झाली, म्हणून हा खुलासा.

फोटोतले नाणे म्हणजे ऱ्हाइन गुल्डन, रोजच्या व्यापारातले चलन. माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे आर्चबिशप धर्मगुरू होते तसेच आपापल्या प्रदेशाचे राज्यकर्तेही होते, टाकसाळी त्यांच्या स्वतःच्या होत्या. १३८६ मध्ये या तिघांनी पॅलाटिनेटच्या शासकासह करार करून एकाच वजनाचे आणि कसाचे गुल्डन पाडायचे ठरवले. पापमुक्तीच्या विक्रीला विरोध करणारा धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या काळापर्यंत, म्हणजे १५१७ च्या सुमारास, कस उतरून साधारण साडेअठरा कॅरेटवर आला होता. नाण्यावरचे चाक हे माइन्झ राज्याचे चिन्ह आहे, त्याचा पापमुक्तीशी संबंध नाही.

पापमुक्ती घेणाऱ्याच्या हाती पडे ते पत्र, बहुधा छापील आणि नावासाठी जागा कोरी सोडलेले. माइन्झमध्येच १४५४-५५ साली छापलेली अशी पत्रे आजही जपलेली आहेत.

घोटाळा बहुधा दरांमुळे झाला असावा. माइन्झचा तेव्हाचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याच्या, पापमुक्ती विकणाऱ्यांसाठीच्या सूचनापत्रात रक्कम याच गुल्डनमध्ये दिली आहे: राजे आणि बिशप यांनी किमान २५. म्हणजे भाविक हे नाणे देत होता, त्याला ते मिळत नव्हते. जमलेल्या पैशातला निम्मा वाटा आल्ब्रेख्तचे फुगर पेढीचे कर्ज फेडायला जाई, निम्मा रोमला.

माझा जुना मेसेज कुणाकडे असेल तर कृपया डिलीट करा, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.