शेवटून दुसरं प्रकरण

काल रात्री जेवणं झाल्यावर भाचा मोबाईलवर लॉर्ड ऑफ द रिंग्जचा तिसरा पार्ट बघत बसला होता, तोही दीडपट स्पीडवर, आणि शेवटी ते चौघं हॉबिट (गोष्टीतली ठेंगणी, साधी गावाकडची माणसं) घोड्यांवरून गावात परत येतात तिथं आला तर म्हणाला, मामा आता काय नाय, संपला पिच्चर. मी म्हणालो अरे थांब बे, खरी गोष्ट तर इथून पुढं आहे, पुस्तकात आहे, पिच्चरवाल्यांनी घेतलीच नाही. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. त्यानंतर मला काय झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय, मोठं झालंय, निवांत असाल तेव्हा वाचा.

हे तिन्ही पिच्चर मी पहिल्यांदा केबलवर बघितले, हिंदीत डब केलेले, मधी मधी जाहिराती, तरी येड लागलं होतं. टॉल्किनचं मूळ पुस्तक हातात आलं ते नंतर, पुण्यात कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा, रद्दीच्या दुकानात तिन्ही खंड एकत्र मिळाले आणि डिक्शनरी शेजारी ठेवून सहा-सात महिने वाचत होतो. (आता मुग्धा कर्णिकांनी केलेला मराठी अनुवाद पण आहे, ‘स्वामी मुद्रिकांचा’, इंग्रजी जड जात असेल तर तो घ्या.) तिसऱ्या खंडात, परिशिष्टं सोडली तर, शेवटून दुसरं प्रकरण आहे. जिच्यासाठी सगळा खटाटोप होता ती दुष्ट अंगठी नष्ट झालीय, राजाचा राज्याभिषेक झालाय, सगळं जिंकून हे चौघं घरी येतात. आणि येऊन बघतात तर गावाच्या पुलावर गेट, गेटला कुलूप, आत भिंतीवर नियमांची यादी. रस्त्याच्या कडेची झाडं तोडलेली, कुणी कशासाठी तोडली ते पण धड सांगता येत नाही कुणाला, नुसती तोडून टाकलेली. जुनी गिरणी पाडून नवी मोठी बांधलीय, तिच्यातून नुसता धूर आणि आवाज, नदीचं पाणी घाण. ज्या झाडाखाली पुस्तकाच्या सुरुवातीला वाढदिवसाची पार्टी झाली ते झाड आडवं पडलेलं, आणि अख्खं मॉर्डॉर, म्हणजे शत्रूचा मुलुख, पालथं घालून आलेला चौघांतला सॅम तिथं रडायला लागतो. तो म्हणतो हे मॉर्डॉरपेक्षा वाईट आहे, कारण हे आपलं घर आहे आणि आधी ते कसं होतं हे आपल्याला आठवतंय. किती दिवसात झालं हे सगळं? ते घर सोडून गेल्याला जेमतेम तेरा महिने झालेले असतात!

आणि हे सगळं कुणा राक्षसानं केलेलं नसतं. बाहेरची गुंड माणसं असतात, मागं सारुमन नावाचा बिघडलेला जादूगार असतो, पण दार उघडून त्यांना आत घेणारे, त्यांच्या हाताखाली शिपाईगिरी करणारे सगळे गावचेच. मग हे चौघं गाव जागं करतात, लढाई होते, एकोणीस हॉबिट मरतात. चौघांतला फ्रोडो, ज्यानं अंगठी वाहून नेली तो, त्या लढाईत तलवार उपसत नाही, शरण आलेल्यांना मारू नका एवढंच सांगत फिरतो.

मी हे वाचलं ती रात्र मला लख्ख आठवते. आमचे आप्पा इथं सोलापुरातल्याच एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते. आम्ही लहानपणी घड्याळ बघायचोच नाही, पाळीचा भोंगा झाला की आई भाकरी टाकायला बसायची, दुसरा झाला की आम्ही शाळेला निघायचो. नंतर मिल बंद पडली, भोंगा थांबला, आप्पा मात्र कितीतरी वर्षं त्याच टायमाला उठून बसायचे. मी पुण्याला गेलो, शनिवारी रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसनं यायचो आणि दर वेळी एक काहीतरी कमी झालेलं असायचं, कधी कोपऱ्यावरचा लिंब, कधी चाळीची एक बाजू, कधी मिलच्या शेडचे पत्रे. एकदा आलो तर मिलची धुराची चिमणीच नव्हती. रिक्षात बसलो होतो, क्षणभर रस्ता चुकला असं वाटलं, कारण आमच्या घराकडं वळायचं ते त्या चिमणीकडं बघूनच वळायचं. घरी कुणी फोनवर सांगितलं पण नव्हतं. रोज बघणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही.

यात एक गोष्ट मला लई दिवस छळत होती. टॉल्किनच्या गावात गिरणी आली म्हणून गाव बिघडलं आणि आमचं गिरणी गेली म्हणून. मग आम्ही दोघं एकच दुःख कसं वाचतोय? टॉल्किनचं लहानपण बर्मिंगहॅमजवळ सेअरहोल नावाच्या खेड्यात गेलं, तिथं पाणचक्की होती, आणि दहा वर्षांचे व्हायच्या आधीच तो भाग नासायला लागला होता असं त्यांनी स्वतः ह्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. लोकांना वाटायचं हे प्रकरण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडवर आहे, तर ते म्हणाले नाही, याची मुळं त्याच्या खूप आधीची आहेत. १८७७ साली सोलापुरात, जिला आता ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती मिल सुरू झाली तेव्हा पण कुणाची तरी शेतं, कुणाचा तरी हातमाग मागं पडलाच असणार की. म्हणजे प्रश्न गिरणीचा नाहीच. तुम्हाला न विचारता तुमच्या जागेचं काहीतरी होतं आणि तुम्ही तेव्हा तिथं नसता, हे दुखतं.

आता पिच्चरबद्दल. पीटर जॅक्सनबद्दल मला मनापासून आदर आहे, तिसऱ्या पार्टला अकरा ऑस्कर उगाच नाही मिळाले. डोंगरावरून डोंगरावर आग पेटत जाते तो सीन पुस्तकापेक्षा पिच्चरमध्येच भारी आहे, पुस्तकात ते दोन-चार ओळीत जातं. शेवटी चौघं गुत्त्यात बसतात, आजूबाजूला कुणालाच काही पत्ता नाही, एकमेकांकडं बघून गप्प राहतात, ते पण मला आवडतं, परत आलेल्या माणसाचा एकटेपणा आहे त्यात. पण गाव? गाव जसंच्या तसं हिरवंगार! पहिल्या पार्टमध्ये गॅलाड्रिएल नावाच्या एल्फ बाईच्या जादूच्या आरशात गाव जळताना दोन क्षण दिसतं, तेवढंच. मोठी लढाई संपल्यावर थेटरात परत दुसरी छोटी लढाई दाखवली तर लोक उठून जातील हे मला कळतं. पण जागा नव्हती म्हणू नका. द हॉबिट हे १९३७ चं लहान मुलांचं एक पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४ असे तीन पिच्चर काढले, आणि ह्या प्रकरणाला वीस मिनिटं नाहीत?

गेम ऑफ थ्रोन्सचं तेच झालं, पहिले सहा सीझन दहा-दहा एपिसोड आणि शेवटचा सहात उरकला. आमच्या लहानपणीची चंद्रकांता घ्या, रविवारी सकाळी दूरदर्शनवर, क्रूरसिंहाचं यक्कू अख्ख्या गल्लीला पाठ, देवकीनंदन खत्रींच्या १८८८ च्या कादंबरीपासून ती कितीतरी लांब गेली होती पण मला त्याचा राग कधी आला नाही. बदला की, खुशाल बदला. नवीन पात्रं घाला, जुनी काढा. पण ज्या हाडावर गोष्ट उभी आहे ते हाड काढू नका.

मला वाटतं निघून जाण्याची गोष्ट दाखवायला सोपी असते. आपल्याकडं पण बघा, पुण्याला लागला, बेंगलोरला लागला, बाहेर गेला, त्याचं स्टेटस पडतं, हार-तुरे होतात. परत आला त्याला लोक पहिला प्रश्न विचारतात, का रे, काय झालं? मी परत आलो तेव्हा वर्षभर हाच प्रश्न ऐकला. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला सगळे येतात, बाराबंदी घालून अक्षता टाकतात, नंदीध्वजांसोबत फोटो काढतात, सोलापूर लई बदललं बे म्हणतात आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत. त्यांना दोष देत नाही, मी पण अकरा वर्षं तेच केलं. पण बदललं त्याचं पुढं काय करायचं हे कुणीतरी दाखवायला पाहिजे ना, आणि टॉल्किननं ते दाखवलंय. गॅलाड्रिएलनं सॅमला तिच्या बागेतली माती एका डबीत दिलेली असते. फ्रोडोला काचेची चमकणारी कुपी, आणि ह्या माळ्याच्या पोराला माती! पिच्चरमध्ये ती डबी त्याला मिळतच नाही. पुस्तकात लढाई संपल्यावर सॅम गावभर फिरतो, जिथं जिथं झाड तोडलंय तिथं रोप लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकतो. डबीत एक बी पण असतं, ते तो पार्टीच्या झाडाच्या जागी लावतो, आणि उरलेली चिमूटभर माती गावाच्या मध्यावरच्या दगडापाशी जाऊन वाऱ्यावर सोडून देतो.

आज सकाळी भाच्याला ही डबीची गोष्ट चहा पिता पिता सांगितली. मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होता. म्हणाला, मामा ते बी उगवलं का? मी सांगितलं नाही. तिसरा खंड काढून त्या पानात खूण घालून त्याच्या पुढ्यात ठेवला, आत्ता गच्चीवर घेऊन गेलाय. त्याचं झालं की खंड मोकळा आहे, जुळे सोलापूर साईडला कुणाला वाचायचा असेल तर मेसेज करा, घरी येऊन घेऊन जा.