परदेशातून : खातं नसलेले प्रेक्षक

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडले. काका म्हणाले, आपल्याकडेही हेच व्हायला हवं. चुलतभावाचं म्हणणं, वय काय, कुणीही खोटं टाकतं. आत्याने "आधी आईबापांचे मोबाइल काढून घ्या" असं लिहून नेहमीप्रमाणे सगळ्यांना गप्प केलं. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण जर्मनीत बसून हे वाचताना माझ्या मनात माझी चार वर्षांची मुलगी होती, आणि या वादात तिच्या वयाचं कुणीच नव्हतं.

तिचं कुठेही खातं नाही. तिला जे दिसतं ते माझ्या नाहीतर तिच्या बाबाच्या फोनवर, आमच्या नावाने. ऑस्ट्रेलियाचा कायदा खात्यावर बेतलेला आहे. खात्याशिवाय यूट्यूब तिथे आजही बघता येतं आणि यूट्यूब किड्स तर कायद्याच्या कक्षेतच नाही. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो. कायदा चांगलाच आहे. पण आजोबांच्या फोनवर बडबडगीतं बघणारी नात कंपनीच्या लेखी कोण? आजोबाच! तिच्या आवडीनिवडी आजोबांच्या नावावर जमा होतात आणि गाण्यांच्या मधे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते.

तंत्राचंही तेच. यूट्यूबने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्या खात्यांना आणि यूट्यूब किड्सला, एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय मुळातच बंद करून दिली. मोठ्यांच्या खात्यात ती सुरू असते. म्हणजे ज्या मुलांना बोलून "बंद कर" सांगता येतं त्यांना सुरक्षा मिळाली, आणि सांगूनही कळत नाही ती बरीचशी मोठ्यांच्या खात्यात राहिली.

घरच्या वादाचा दुसरा मुद्दा मिनिटांचा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त तासभर, तोही मोठं माणूस शेजारी असताना. जर्मन बालरोगतज्ज्ञ जास्त कडक. तीन वर्षांपर्यंत शून्य, तीन ते सहा वर्षांत अर्धा तास आणि तोही रोज नाही. इथल्या बालवाडीच्या पालकसभेत हा आकडा निघाला की सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडे खरंच अर्धाच तास?" आकडे चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण आकडा पाळायची जबाबदारी शेवटी एकाच माणसावर येते, आणि ते माणूस बहुतेक घरांत आई असते. संध्याकाळी सात वाजता, ऑफिसातून दमून आलेली, कुकर लावलेला, आणि हातातला फोन काढून घेतला की समोर आकांततांडव. सगळं तिच्या मनोबलावर सोडून देणारा सल्ला मला नेहमी थोडा आळशी वाटतो.

म्हणून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट मला फार आवडते. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि गावातले टीव्ही, मोबाइल दीड तास बंद राहतील. पुन्हा साडेआठला भोंगा. बातमी देशभर गेली, आणि आपल्याकडच्या बऱ्याच शहरी मंडळींनी तिच्याकडे कौतुकमिश्रित गंमत म्हणून पाहिलं. मला त्यात गंमत दिसली नाही. आईने रडणाऱ्या पोराला "आता बस" म्हणणं आणि भोंग्याने अख्ख्या गावाला तेच सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भोंग्याशी हुज्जत घालता येत नाही.

इथे जर्मनीत लहान मुलांसाठी असाच एक भोंगा आहे, फक्त तो टीव्हीच्या आतच बसवलाय. कीका नावाची मुलांची वाहिनी १ जानेवारी १९९७ ला सुरू झाली. एआरडी आणि झेडडीएफ या दोन सार्वजनिक प्रसारकांनी मिळून ती काढली. संध्याकाळी सातला दहा कमी असताना तिच्यावर 'झांडमेन्शेन' लागतो. टोकदार दाढीचा, टोपीवाला छोटा बाहुला. तो कधी फुग्यातून, कधी रेल्वेतून, कधी घसरगाडीवरून येतो, मुलांना एक छोटी गोष्ट दाखवतो, आणि जाता जाता झोळीतली झोपेची रेती उडवतो. पूर्व जर्मनीत १९५९ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम तो देश गेला तरी टिकला. दहाएक मिनिटांत संपतो, आणि चार वर्षांच्या मुलीलाही कळतं की आता आजचं संपलं. मी काही बोललेलीच नसते, त्यामुळे राग माझ्यावर निघत नाही.

मोठी मुलं नऊ वाजेपर्यंत बघतात. नंतर काय होतं हे मी एका रात्री सहज चॅनेल बदलताना पाहिलं. पांढऱ्याशुभ्र खोलीत एक पाव उभा. आखूड हात, ओढलेला चेहरा. तो खोलीतून बाहेर पडायला बघतोय, जमत नाहीये, आणि तो प्रेक्षकांना वैतागून सांगतोय की इथे बघण्यासारखं काही नाही. हा बेर्न्ड नावाचा पाव, वाहिनीचाच एक बाहुला. वाहिनी बंद झाल्यावर रात्रभर त्याचंच रटाळ चक्र चालू राहतं. (एरफुर्टमध्ये त्याचा पुतळा आहे. २००९ मध्ये तो चोरीला गेला आणि काही दिवसांनी सापडला. जर्मनांना विनोद कळत नाही म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते.) प्रेक्षकाला स्वतःहून "जा, झोप" म्हणणारी वाहिनी मी आधी पाहिली नव्हती. हे परवडतं कारण प्रेक्षक थांबला म्हणून तिला जास्त पैसे मिळत नाहीत. तिच्यावर जाहिराती नाहीत. पैसा येतो प्रत्येक घराकडून घेतल्या जाणाऱ्या प्रसारण शुल्कातून. २०२१ च्या ऑगस्टपासून ते महिन्याला १८.३६ युरो होतं. घरात टीव्ही नसला तरी भरावं लागतं. जर्मन माणूस यावर जेवढा चडफडतो तेवढा हवामानावरही चडफडत नसेल. पहिली पावती आली तेव्हा मीही चडफडले होते.

कीकाची वेबसाइट आणि अॅप बघायला खातं लागत नाही. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे. समोर चार वर्षांची मुलगी आहे की आजोबा, हे त्यांना ओळखावं लागत नाही, कारण आत जे आहे ते मुलांसाठीच बनवलेलं आहे आणि स्वतःच्या जबाबदारीवर कुणीतरी ते तपासून ठेवलेलं आहे. भारतात, आणि खरं तर जगभर, आपण उलटं करतो. सगळ्यांसाठी खुला बाजार मांडायचा आणि मग गर्दीतून मूल हुडकून त्याच्या डोळ्यांना झापडं लावायची.

झापडं नीट लावली तर थोडंफार निभतं, हेही खरं. वहिनीला मी फोनवर पायरी पायरीने सांगितलं ते असं : यूट्यूब किड्स वेगळं उतरवून घे, मुलाचं प्रोफाइल बनवताना वयाचा गट निवडायच्या पानावर खाली "फक्त मंजूर केलेलं" हा पर्याय आहे तो घे, मग तू निवडलेली चॅनेलच दिसतात आणि शोधायची सोय बंद होते. टायमर लाव. आणि मुख्य म्हणजे साधं यूट्यूब मुलाच्या हाती देऊच नकोस. तिला पाऊण तास लागला. चॅनेल निवडताना ती विचारायची, "हे चांगलं आहे का गं?" आणि मला तरी कुठे माहीत! अमेरिकेत २०१९ मध्ये मुलांची माहिती आईबापांना न विचारता गोळा केली म्हणून यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड झाला, त्यानंतर "मुलांसाठी" असं लेबल आलं, त्या व्हिडिओंवरची टिप्पण्यांची जागा बंद झाली, माग काढून दाखवलेल्या जाहिराती थांबल्या. पण ते लेबल बहुतेक वेळा लावतो व्हिडिओ टाकणाराच. तो मुलांसाठी आहे एवढंच त्यावरून कळतं, चांगला आहे की नाही ते नाही.

"शैक्षणिक" या शिक्क्याचं तर विचारूच नका. अॅप बनवणारा स्वतःच आपलं अॅप शिक्षण विभागात टाकतो. आपल्याकडे पालकांची नाडी धरणारी मंडळी हुशार आहेत. तीन वर्षांच्या मुलाचं अॅप विकताना ते मजा विकत नाहीत, पुढे राहणं विकतात. अक्षर दाबलं की फटाके, चुकलं की पुन्हा फटाके. याउलट इथे रविवारी सकाळी 'उंदराचा कार्यक्रम' लागतो, १९७१ पासून. केशरी उंदीर, आणि मधे मधे खऱ्या जगातल्या छोट्या फिल्म. टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात हा त्यांचा गाजलेला प्रश्न. कारखाना, यंत्र, काम करणारी माणसं, आणि मागून एक शांत आवाज, मुलालाच सांगितल्यासारखा. ना फटाके, ना गुण. आणखी एक बारकावा म्हणजे सुरुवातीला आज काय आहे ते जर्मनमध्ये सांगतात आणि मग तेच एखाद्या परक्या भाषेत. बाहेरून आलेल्या कामगारांच्या मुलांनाही आपलं वाटावं म्हणून सुरू झालेली ही प्रथा.

पण इथे येऊन माझं जर्मनकौतुक अडतं. कारण हे सगळं जर्मन आहे. माझ्या मुलीने जेवढं चांगलं पाहिलं तेवढं जर्मनमध्ये, आणि मराठीत पाहिलं ते बाजारातलं. चकचकीत, कर्कश, एकाच चालीवर बेतलेलं. परदेशातले बरेच मराठी आईबाप "भाषा तरी कानावर पडेल" म्हणून तेच लावून ठेवतात. त्याचा उपयोग किती, याचं उत्तर फारसं सुखावह नाही. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे ध्वनी ऐकवले. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळं शिकली. तेच माणूस, तेच शब्द, पण व्हिडिओवर, तर काहीच नाही. नंतर २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मुलं शिकली नाहीत, थेट चाललेल्या व्हिडिओकॉलवर शिकली. समोरचं माणूस आपल्या बोलण्याला उत्तर देतं, यानेच फरक पडला.

म्हणजे जर्मन डॉक्टरांचं "तीन वर्षांपर्यंत शून्य" मी जसंच्या तसं पाळलं असतं तर मुलीचं आजीशी बोलणंच बंद पडलं असतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी २०१६ मध्येच दीड वर्षाखालच्या बाळांसाठीही व्हिडिओकॉलचा अपवाद केला होता. इथल्या पालकांना मी हे सांगते तेव्हा ते थोडे चकित होतात. त्यांची आजी दोन गल्ल्या पलीकडे राहते.

आमच्याकडे आता चालतं ते असं. पुण्याहून आजी स्टोरीवीव्हरवरची गोष्ट उघडते. प्रथम बुक्सचं २०१५ पासून चालू असलेलं हे संकेतस्थळ, मराठीसकट कितीतरी भाषांत, फुकट. चित्र स्क्रीनवर, आवाज आजीचा. मुलगी मधेच थांबवून "हा हत्ती रागावलाय का?" विचारते आणि आजी गोष्ट सोडून हत्तीच्या मागे जाते. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत, तेही चित्रांसाठी चाळतो. ('किशोर'ही १९७१ चाच, उंदराच्या वयाचा.) अरविंद गुप्तांच्या, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायच्या छोट्या फिल्म मराठीतही आहेत. त्या बघून झाल्यावर मूल स्क्रीन सोडून कात्री शोधायला पळतं. शैक्षणिक कशाला म्हणावं याची माझी कसोटी साधारण अशीच आहे.

हे सगळं असूनही मराठीत कीकासारखी जागा नाही, आणि ती कधी नव्हतीच असंही नाही. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. राज्य सरकारची संस्था, मुलांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी, ते दूरदर्शनवर लागायचे. माझ्या पिढीतल्या अनेकांना त्यातलं काही ना काही आठवतं. २०१७ मध्ये ती बंद केली. त्या वेळी किती लोकांनी आवाज उठवला असेल ते असो. कंपन्यांवर बंदी घाला म्हणून आज जेवढा आवाज आहे, त्याच्या पासंगालाही तो पुरला नसता.

सरकारी म्हटलं की रटाळ आणि वरून हुकूम सोडणारं, हा आक्षेप मी ऐकलाय आणि मला पटतोही. इथल्या प्रसारकांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळांत चर्च, कामगार संघटना, क्रीडासंघ अशा सगळ्यांची माणसं असतात आणि तरी राजकारणी घुसतातच, अशी तक्रार जर्मनच करतात. आपल्याकडे काय होईल याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. पण केरळने २००५ मध्ये व्हिक्टर्स ही मुलांची शैक्षणिक वाहिनी काढली, उद्घाटन अब्दुल कलामांनी केलं, आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर त्याच वाहिनीवरून मल्याळममध्ये वर्ग भरले. सरकारं अनेक आली गेली, वाहिनी राहिली.

म्हणून ग्रुपवर काकांना मी लिहिलं की बंदीची मागणी जरूर करा, पण त्याच पत्रात बालचित्रवाणीचंही विचारा. लहान मुलांसाठी, मराठीत, जाहिरातीशिवाय, खातं न मागणारं, आणि रात्री बंद होणारं काहीतरी. काकांनी अंगठा पाठवला. आत्याने विचारलं, "त्यात गाणी असतील ना?"