खुलासा : अनुताई वाघ आणि बोर्डीची बालवाडी

आदिवासी मुलांच्या बालशिक्षणासाठी झटलेल्या अनुताई वाघ यांच्याविषयी सध्या फिरणाऱ्या एका मजकुरात, बोर्डीचे (आजचा पालघर जिल्हा) ग्राम बालशिक्षा केंद्र त्यांनी एकटीने स्थापन केले, असे म्हटले आहे. हे बरोबर नाही. 1945 साली हे केंद्र बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी सुरू केले आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई त्यांच्या कामात सहभागी झाल्या. 1973 मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यानंतर, तोवर कोसबाडच्या टेकडीवर हललेल्या या संस्थेची धुरा अनुताईंनी वाहिली, आणि मला वाटते गोंधळ इथेच होत असावा.

याच मजकुरात अंगणवाडी ही 1975 च्या सरकारी योजनेची उपज ठरवली आहे. वास्तविक, वारली पाड्यांवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून या दोघींनी त्याच्या कितीतरी आधी शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती; तीच अंगणवाडी. पाने, बिया, खडे, शंखशिंपले हेच तिथले शैक्षणिक साहित्य, कारण विकतची महागडी साधने पाड्यावर परवडणारीच नव्हती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरे.

मोरगावला 1910 साली जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई 1992 पर्यंत, म्हणजे वयाच्या ब्याऐंशी वर्षांपर्यंत, जगल्या. त्यांचे मोठेपण दाखवण्यासाठी ताराबाईंचे नाव पुसण्याची काहीच गरज नाही. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती करूनच तो पाठवावा, ही कळकळीची विनंती.