‘एक नंबर मोठंच घ्या’: पेट्रोल इंजिनाच्या सल्ल्याचा पंचनामा

आरसी (रेडिओवर चालणाऱ्या) विमानांच्या छंदात ग्लो इंजिनावरून (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनावरून) पेट्रोलवर येणाऱ्याला एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो. थोडक्यात तो असा: किटवर लिहिलंय त्यापेक्षा एक नंबर मोठं इंजिन घ्या, थ्रॉटल कमी ठेवणं आपल्याच हातात असतं. दोन इंजिनांत निवड करायची तर अश्वशक्ती बघा. पेट्रोलमध्ये ताकद जास्त, त्यामुळे ग्लोच्या जागी तेवढ्याच सीसीचं इंजिन सहज चालतं. टाकी आणि नळ्या जुन्याच राहू द्या. नवं इंजिन बेंचवर भरपूर तेल घालून संथ चालवा. आणि स्पार्कमुळे रेडिओत गडबड होते, त्याची तयारी ठेवा.

यातली शेवटची गोष्ट एकेकाळी खरी होती. बाकीच्या वरवर पटतात, पण एरोबॅटिक (हवेत कसरती करणाऱ्या) विमानाच्या बाबतीत सगळा हिशोब उलट्या टोकाकडून मांडतात. आधी विमानाचं वजन आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचंय ते ठरतं. त्यावरून प्रॉपेलर ठरतो. मग तो प्रॉप हव्या त्या वेगाने फिरवू शकणारं सगळ्यांत हलकं इंजिन शोधायचं. सीसीचा आकडा या शोधातून आपोआप बाहेर पडतो.

आता एक नंबर मोठं घेण्याबद्दल. थ्रॉटल मागे घेतल्याने ताकद कमी होते, वजन नाही. २० सीसीसाठी आखलेलं, साधारण पावणेपाच किलोचं विमान घ्या. डीएलई-२० चं नुसतं इंजिन सुमारे ६५० ग्रॅम भरतं, तर ३० सीसीचं ९०० ग्रॅमच्या वर जातं. त्यात मोठा प्रॉप, मोठा स्पिनर (प्रॉपच्या मध्यावरची टोपी), जड मफलर मिळवा. नाकावर ४०० ग्रॅम सहज वाढतात. हे वजन सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) पुढे ३५ सेंटीमीटरवर बसलं असं धरा. शेपटीकडे सीजीपासून ९० सेंटीमीटरवर शिसं लावून तोल साधायचा तर तिथे दीडशे ग्रॅमच्या वर शिसं लागेल. म्हणजे एकूण साडेपाचशे ग्रॅम, विमानाच्या वजनाच्या जवळजवळ १२ टक्के. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो) वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे तो सहा टक्क्यांच्या आसपास चढतो. एवढं लँडिंगला चालवून घेता येईल.

खरी मेख वेगळीच आहे. विमान नाक-शेपूट फिरवताना जो जडपणा दाखवतं, तो वजन गुणिले अंतराच्या वर्गाने वाढतो. वरच्या उदाहरणात शेपटीकडचं ते दीडशे ग्रॅम शिसं, नाकावरच्या ४०० ग्रॅमपेक्षा अडीच पटीहून जास्त जडपणा आणतं. काठीच्या दोन्ही टोकांना वजन बांधून ती मधोमध धरून फिरवून बघा, हाताला कळेल. स्नॅप रोल (झटक्यात घेतलेली गिरकी) सुरू व्हायला उशीर, थांबायला त्याहून उशीर, आणि टंबल (नाकावरून शेपूट फिरवणारी कोलांटी) तर अर्ध्यावरच मरतो. मग मंडळी सर्व्होला (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या मोटरला) दोष देतात, कंट्रोल सरफेसचा थ्रो (त्या हलत्या भागांची हालचाल) वाढवतात. दुखणं मात्र फायरवॉलवर (इंजिन जिच्यावर बसतं त्या भिंतीवर) बसलेलं असतं.

जाहिरातीतल्या वजनाबद्दलही सावध असावं. तिथे बहुधा फक्त इंजिनाचं वजन असतं. डीएलई-२० ला मफलरचे साधारण ५० ग्रॅम आणि इग्निशनचे १२० ग्रॅम वेगळे, शिवाय इग्निशनची बॅटरी. बेरीज नऊशे ग्रॅमच्या आसपास जाते. झेनोआसारख्या कंपन्यांच्या मॅग्नेटोवाल्या (स्पार्कची वीज स्वतःच तयार करणाऱ्या) जुन्या इंजिनांना बॅटरी लागत नाही, पण फ्लायव्हील नाकावर येतं. ती इंजिनं वर्षानुवर्षं टिकतात हे कबूल, पण ती स्केल विमानात शोभतात. एरोबॅटिक विमानाला इलेक्ट्रॉनिक इग्निशनच हवं. ते आयडलला (सगळ्यांत संथ फेऱ्यांना) स्पार्क उशिरा देतं आणि फेऱ्या वाढल्या की लवकर, त्यामुळे संथ आयडलवरून थ्रॉटल झटक्यात उघडला तरी इंजिन अडखळत नाही. होव्हर करताना (नाक वर करून प्रॉपवर लटकताना) थ्रॉटल सतत वर-खाली होत असतो, तिथे या गोष्टीची किंमत कळते.

अश्वशक्तीचा आकडा खोटा नसतो, पण तो ज्या फेऱ्यांवर मोजतात त्या फेऱ्यांवर आपण उडवतच नाही. २०-३० सीसीच्या इंजिनांचा आकडा बहुधा ८,५०० ते ९,००० आरपीएमचा असतो. एरोबॅटिक्ससाठी लावलेला मोठा प्रॉप इंजिनाला जमिनीवर त्या फेऱ्यांच्या बऱ्याच खाली धरून ठेवतो. प्रॉप फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणजे फेऱ्या दहा टक्के कमी झाल्या की मागणी सत्तावीस टक्क्यांनी उतरते. त्यामुळे कागदावर पाव अश्वशक्ती जास्त असलेलं इंजिन तुमच्या प्रॉपवर दुसऱ्याच्या मागे राहू शकतं. विचारायचा प्रश्न एकच: माझ्या मापाचा प्रॉप हे किती आरपीएमने फिरवतं? टॅकोमीटर लावून मोजलेलं उत्तर मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि प्रॉपचं माप कसं ठरतं? २० सीसीवर १६×८ आणि १७×६ दोन्ही लावतात (पहिला आकडा व्यास, दुसरा पिच म्हणजे एका फेरीत प्रॉप पुढे सरकेल ते अंतर, दोन्ही इंचांत). दोन्ही ७,५०० आरपीएमने फिरतात असं समजा. ८ इंच पिचचा प्रॉप हवेत एका तासात फार तर ९१ किलोमीटर पुढे सरकेल, ६ इंचाचा ६९. थ्रस्ट (प्रॉपची ओढ) मात्र व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. बाकी सगळं सारखं धरलं तर १७ इंचाला १६ इंचापेक्षा सव्वापट थ्रस्ट मिळतो. म्हणून होव्हर आणि टॉर्क रोल (लटकत असतानाच स्वतःभोवती फिरणं) करणाऱ्याला १७×६, आणि वाऱ्यात मोठे, गोल लूप काढणाऱ्याला १६×८. इंजिन तेच, विमान तेच, स्वभाव दोन. थ्रीडीला (होव्हरसारख्या कसरतींना) विमानाच्या वजनाच्या दीडपट थ्रस्ट असावा असं माझं मत आहे. नेमक्या आकृत्या काढणाऱ्याला वजनाहून थोडा जास्त पुरतो. ‘मोठं घ्या’ सांगणारे बहुतेक जण पिच दोन इंच कमी करून सुटणाऱ्या प्रश्नाला दहा सीसीचं उत्तर देतात.

तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगतो. उत्पादकाने ‘२० ते ३० सीसी’ असं लिहिलं असेल आणि पूर्ण बांधलेल्या विमानाचं वजन वरच्या मर्यादेला टेकलं असेल, तर वरचं इंजिन घेण्यात शहाणपण आहे. फक्त तो मोठा प्रॉप जमिनीपासून पुरेसा उंच राहतोय का ते आधी बघा.

‘पेट्रोलमध्ये ताकद जास्त’ हे अर्धंच खरं आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण ४४ मेगाज्यूल उष्णता असते, मिथेनॉलमध्ये २०. पण सिलिंडरमध्ये मर्यादा इंधनाची नसते, हवेची असते. एक किलो पेट्रोलला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४. भागाकार करा: हवेच्या दर किलोमागे दोघांची उष्णता जवळपास सारखीच, तीन मेगाज्यूलच्या आसपास. वर मिथेनॉलची वाफ होताना ते आत येणारी हवा कितीतरी जास्त थंड करतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. नायट्रोमिथेन असेल तर तो स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतो. सीसीला सीसी लावलं तर ग्लो पुढेच राहतं. १५ सीसीच्या ग्लोवर नीट उडणाऱ्या विमानाला पेट्रोलचं २० सीसी बघावं लागतं ते म्हणूनच. पेट्रोलचा फायदा इंधन निम्म्याहून कमी लागण्यात आणि उडवून झाल्यावर पंखांवर तेलाचा चिकट थर न बसण्यात आहे. हौसेसाठी तो पुरेसा आहे, त्याला ताकदीचं सोंग देण्याची गरज नाही.

टाकी-नळ्यांबद्दल फार बोलायला नको. ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते, मऊ पडते आणि टाकीच्या आत क्लंकवरून (नळीच्या टोकाच्या वजनावरून) सुटते. टायगॉनसारखी पेट्रोलला टिकणारी नळी आणि टाकीचं बूच, दोन्ही नवीन घ्या.

कार्ब्युरेटरबद्दल मात्र बोलायला हवं, कारण एरोबॅटिक्सला पेट्रोल इंजिन जमतं ते त्याच्यामुळे. वॉल्ब्रो पद्धतीच्या कार्बमध्ये क्रॅंककेसच्या दाबावर चालणारा छोटा पंप असतो. त्यामुळे टाकी इंजिनाला चिकटून ठेवावी लागत नाही, थेट सीजीवर ठेवता येते, आणि टाकी रिकामी होताना विमानाचा तोल हलत नाही. फ्लोट नसल्याने विमान उलटं, उभं, कसंही असो, इंधन येत राहतं. पण इंधनाचं माप राखणाऱ्या डायफ्रॅमची (लवचिक पडद्याची) एक बाजू कार्बच्या झाकणातल्या बारीक भोकातून बाहेरच्या हवेला उघडी असते. काउलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) घुसणारी हवा त्या भोकावर थेट आदळली की डायफ्रॅम दाबला जातो आणि मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. जमिनीवर काउल काढून सुरेख ट्यून केलेलं इंजिन हवेत वेग घेतल्यावर घोगरं होतं, आणि माणूस बिचारा नीडल (मिश्रण जुळवायचा स्क्रू) फिरवत बसतो. भोकावर पितळी नळी डाकून ती फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत नेली की हा त्रास संपतो. इंजिन निवडताना कार्ब मागे आहे की बाजूला, एक्झॉस्ट बाजूला आहे की मागे, हे काउलचं माप हातात घेऊन बघायचं ते यासाठीही. मागच्या एक्झॉस्टचं इंजिन अरुंद काउलमध्ये कमी कापाकापीत बसतं. हवा बाहेर पडायची जागा आत येण्याच्या जागेच्या दुप्पट-तिप्पट ठेवायला विसरू नका.

बेंचवर संथ चालवण्याचा सल्ला जुन्या सवयीतून आलाय. पेट्रोल इंजिनात पिस्टनला रिंग असते. ती सिलिंडरला नीट बसायला तिच्या मागे ज्वलनाचा दाब लागतो, आणि आयडलला तो मिळतच नाही. तासभर आयडल केलं तर रिंग बसण्याऐवजी भिंत गुळगुळीत होते आणि प्लग काळा पडतो. सुरू करा, नीडल थोड्या गडद ठेवा, विश्वासाने चालतंय असं दिसलं की उडवा. हवेत थ्रॉटल बदलत राहा, लांब उभ्या चढाया मात्र सुरुवातीला नकोत.

तेलाचंही तेच. ३०:१ म्हणजे पेट्रोलच्या लिटरला ३३ मिलिलिटर तेल, ५०:१ म्हणजे २०. माहितीपत्रकात जे लिहिलंय ते घाला. ‘जास्त म्हणजे सुरक्षित’ म्हणून १५:१ केलं, तर नीडलमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण फिकं होतं. वर रिंगच्या खाचेत कार्बन साचतो.

राहिला रेडिओ. ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या काळात स्पार्कच्या खरखरीने विमानं गेली, ही भीती तिथून आली. २.४ गिगाहर्ट्झवर ती बरीच ओसरली आहे, पण पूर्ण गेलेली नाही. इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात निदान २५-३० सेंटीमीटर अंतर, इग्निशनला वेगळी बॅटरी, थ्रॉटलला धातूऐवजी नायलॉनचा दुवा, आणि रिसीव्हरच्या एका चॅनेलवर ऑप्टिकल किल स्विच (इग्निशन तोडणारा, प्रकाशाने जोडलेला स्विच), ज्याच्या फेलसेफमध्ये (रेडिओचा संपर्क तुटल्यावर) इंजिन बंद होईल. रेंज चेक (रेडिओ किती अंतरापर्यंत पोहोचतो ती तपासणी) इंजिन बंद असताना करा, मग कुणालातरी विमान घट्ट धरायला लावून इंजिन चालू असताना पुन्हा करा. दुसऱ्या वेळी अंतर कमी भरलं तर रिसीव्हर बदलायच्या आधी प्लगची टोपी काढून बघा. तिच्या आत प्लगच्या धातूला घट्ट पकडणारी कडी असते. ती सैल पडली की टोपीचं धातूचं कवच प्लगला नीट टेकत नाही, आणि सगळी खरखर तिथूनच बाहेर पडते.