लाल रेघ, न शिजलेला पास्ता आणि एक फॉरवर्ड

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवर आला. सोबत तीन फोटो: एक गाडी, एक काळा कॅमेरा आणि एक विचित्र आकाराचा पास्ता. मजकुराचा सारांश असा. जॉर्जेतो जुजारो या जगप्रसिद्ध इटालियन कार डिझायनरनं निकॉनचा कॅमेरा डिझाइन केला म्हणजे काय केलं, तर त्यावर एक लाल रेघ मारली. मग पास्ता डिझाइन केला, तो धड शिजलाच नाही. हे गाड्यांवाले मोठे लोक रोजच्या वस्तूंवर नुसती सही करतात, खरं काम कंपनीचे इंजिनियर करतात आणि त्या सहीचे पैसे आपल्या खिशातून जातात. शेवटी म्हण: जेणू काम तेणू थाय, दुजा करे सो गोता खाय.

मी कॅमेरे दुरुस्त करतो. त्या फोटोतला कॅमेरा, निकॉन एफ-३, माझ्या टेबलावर अनेकदा उघडा पडलेला असतो. म्हणून गप्प बसवलं नाही.

आधी लाल रेघ. रेघ आहे, त्यात खोटं काही नाही. पण ती कशाच्या कडेला आहे ते मजकूर लिहिणाऱ्यानं पाहिलेलं नाही. एफ-३ आला १९८० साली. त्याच्या आधीचा एफ-२ हातात घ्या, पुढची बाजू सपाट. उत्तम यंत्र, पण धरायचं कुठं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. तळहाताला घाम आला की कॅमेरा सटकू नये म्हणून बोटं आवळावी लागतात आणि तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. एफ-३ वर उजव्या हाताच्या बोटांसाठी पुढे एक छोटा उभा उंचवटा आहे, जेमतेम करंगळीएवढा. डोळे मिटून कॅमेरा उचला. मधलं बोट आपोआप त्या उंचवट्यावर येतं, तर्जनी बटणावर पडते आणि अंगठा मागे फिल्म सरकवायच्या खटक्याशी थांबतो. हात शोधत नाही. लाल रेघ आहे ती याच उंचवट्याच्या कडेला. दुकानात काचेपलीकडे ठेवलेल्या काळ्याभोर कॅमेऱ्यावर नजर पहिल्यांदा तिथं जाते आणि कॅमेरा हातात आला की बोटंही तिथंच जातात. मला तरी ती रेघ ‘इथे धर’ असंच सांगते.

आज डिजिटल कॅमेऱ्याला पुढे जाडजूड पकड असणं इतकं सवयीचं झालंय की त्याविना कॅमेरा अपुरा वाटतो. निकॉनच्या एफ मालिकेत ती सुरुवात या छोट्या उंचवट्यानं झाली, आणि पुढच्या निकॉन कॅमेऱ्यांवर लाल खूण आजवर कुठल्या ना कुठल्या रूपात टिकली आहे.

आता जे दुसऱ्याचं आहे ते दुसऱ्याला देऊ. आतला टायटॅनियमचा पडदा, इलेक्ट्रॉनिक शटर, बॉल बेअरिंगवर लोण्यासारखा फिरणारा फिल्मचा खटका, हे सगळं जपानी इंजिनियरांचं. जुजारोनं ते केलं असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. शिवाय या कॅमेऱ्यात दोषही आहेत. व्ह्यूफाइंडरमधले आकडे अंधारात दिसावेत म्हणून जो दिवा आहे, त्याचं बटण इतकं बारीक आणि इतक्या अडचणीच्या जागी आहे की ते दाबताना प्रत्येक गिऱ्हाईक चरफडतं. फ्लॅश बसतो तो फिल्म गुंडाळायच्या दांड्याच्या डोक्यावर, त्यामुळे रोल बदलायचा तर फ्लॅश काढा. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी यावर पुष्कळ शिव्या घातल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. तरीही हा कॅमेरा २००१ पर्यंत बनत राहिला. १९८८ साली एफ-४ आला, १९९६ साली एफ-५ आला, आणि हा आपला त्यांच्या शेजारी विकला जात होता. रेघ पाहून कुणी एकवीस वर्षं कॅमेरा विकत घेत नाही.

दुसरा आरोप सहीचा. मग सही दाखवा. एफ-३ च्या अंगावर ‘निकॉन’ आहे, ‘एफ-३’ आहे, अनुक्रमांक आहे. जुजारोचं नाव नाही. मी तो स्क्रू-स्क्रू करून सोडवलेला आहे, आतही नाही. ज्याला नाव विकायचं असतं तो नाव असं लपवत नाही. आणि निकॉन एकदाच त्याच्याकडे गेली असंही नाही. १९७९ चा छोटा ईएम त्याचा, मग एफ-३, पुढे एफ-४, एफ-५, २००४ चा एफ-६. कोरी सही विकत घेणारी कंपनी त्याच माणसाकडे पंचवीस वर्षं परत परत जात नसते.

नाव भाड्यानं देण्याचा धंदा मात्र जगात आहे, आणि गाड्यांच्या नावांचा तर जोरात आहे. गाडीच्या कंपनीचं चिन्ह छापलेले परफ्यूम, बूट, पेनं सगळीकडे दिसतात. त्यावर राग असेल तर मीही तुमच्या बाजूनं. पण त्या रागात फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शसारख्या माणसालाही धोपटू नका. ज्यानं पोर्श ९११ ची आकृती घडवली, त्यानं १९७२ साली स्वतःचा वेगळा स्टुडिओ काढला. पहिलं गाजलेलं काम म्हणजे एक मनगटी घड्याळ. सगळं काळं, केस काळी, पट्टा काळा, तबकडी काळी आणि आकडे-काटे पांढरे. तोवर चांगलं घड्याळ म्हणजे चकाकणारं, हे ठरलेलं होतं. यानं उलट विचार केला: गाडीच्या डॅशबोर्डवरचं मीटर काळं का असतं? ऊन पडलं तरी चमकू नये आणि एका नजरेत वाचता यावं म्हणून. मग मनगटावरच्या मीटरला वेगळा न्याय कशाला? आज काळी घड्याळं ढिगानं मिळतात. १९७२ साली तसं घड्याळ करायला गाडीच्या आत बसून विचार केलेला माणूस लागला.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला: डिझायनर वरवरचं चित्र काढतो, खरं काम इंजिनियर करतो. निदान जुजारोच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. १९६८ साली त्यानं तुरीनजवळ इटालडिझाइन ही कंपनी काढली ती एका इंजिनियरला, आल्दो मांतोवानीला, भागीदार करून. गाडीचं चित्र, आराखडे, नमुना आणि कारखान्यात ती कशी बनेल याची आखणी, सगळं एकाच छताखाली, ही तिची कल्पना होती. फियाट पांडाचंच बघा. १९७६ च्या उन्हाळ्यात फियाटनं काम दिलं: साधी, काटक गाडी हवी, वजन आणि खर्च तेव्हाच्या फियाट १२६ च्या पुढे जाता कामा नये. सुट्टीच्या दिवसांत सार्डिनिया बेटावर बसून जुजारोनं गाडी आखली. सगळ्या काचा सपाट, कारण वाकवलेली काच महाग. मागचं आसन झोळीसारखं टांगलेलं, पसरलं की झोपायला जागा, काढलं की सामानाला जागा. सीटची कव्हरं काढून धुता येणारी. डॅशबोर्डच्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी खिसा, हाताला येईल ते त्यात टाका. यातली कुठली गोष्ट ‘वरवरचं चित्र’ आहे? काच सपाट ठेवण्याचा निर्णय खर्चाचा आहे, कव्हर धुता येण्याचा निर्णय घर चालवणाऱ्या माणसाचा आहे. १९८० साली आलेली ही गाडी २००३ पर्यंत बनली. १९८१ साली तिला इटलीचा कोंपास्सो द’ओरो हा डिझाइनचा मोठा सन्मान मिळाला. ज्या माणसानं गाडीचा विचार घरातल्या भांड्यासारखा केला, त्यानं भांड्यांकडे वळू नये असं कसं म्हणायचं?

पास्त्यावर मी वाद घालणार नाही. १९८३ साली नेपल्सच्या व्होइएल्लो कंपनीसाठी जुजारोनं ‘मारिल्ले’ नावाचा पास्ता आखला: शेजारी-शेजारी दोन नळ्या, त्यांना जोडून एक वळलेलं शेपूट, आत रस्सा धरून ठेवायला खाचा. दिसायला सुरेख. पण जिथं नळ्या आणि शेपूट एकत्र येतात तिथं पीठ जाड, बाकी ठिकाणी पातळ. त्यामुळे पातळ भाग मऊ पडेपर्यंत सांधा कच्चा राहायचा. बाजारात तो टिकला नाही.

ज्यानं घरी चकल्या केल्यात त्याला हे ऐकताक्षणी समजेल. सोऱ्यातून चकली पाडली की शेवटी टोक आतल्या वेढ्याला दाबून चिकटवतात. ते टोक जास्त दाबलं आणि तिथं पिठाचा गोळा झाला, की बाकी चकली खुसखुशीत होते आणि तेवढा सांधा मऊ राहतो. माझी आई दर दिवाळीला यासाठी आम्हाला ओरडायची. जुजारोचा पास्ताही शेवटी सोऱ्याचाच प्रकार, पितळी सोऱ्याऐवजी मोठा साचा एवढंच. धातूच्या पत्र्याला उकळत्या पाण्यात शिजायचं नसतं, पिठाला असतं. तिथं तो चुकला. पण या एका चुकीवरून बाकी सगळं खोटं ठरवायचं असेल, तर मग आईच्या हातून एखाद्या चकलीचा सांधा बिघडला म्हणून तिच्या पुरणपोळीलाही नाव ठेवावं लागेल. आणि मजकुरातच विसंगती आहे. नुसती सही करणाऱ्या माणसाचा पास्ता बिघडत नाही, कारण त्यात त्याचं काहीच नसतं. मारिल्ले बिघडला तो त्या माणसानं आकार खरोखर स्वतः काढला म्हणून.

पैशाचं थोडक्यात. निकॉन ईएम हा नवशिक्यांसाठी काढलेला छोटा, हलका आणि निकॉनमधला स्वस्त कॅमेरा होता. पांडा गरजेपुरती गाडी होती. आपल्या रस्त्यांवर नव्वदीच्या अखेरीला आलेली गोल डोळ्यांची मॅटिझ आठवते? तीही इटालडिझाइनचीच. आधी फियाटसाठी केलेला नमुना फियाटनं नाकारला, कोरियाच्या देवू कंपनीनं घेतला. यातली एकही वस्तू श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती.

राहिली म्हण. ‘जेणू काम’ म्हणताना आपण काम म्हणजे वस्तू समजतो: हा गाडीवाला, तो कॅमेरावाला, तो खुर्चीवाला. गाडी आखणारा माणूस दिवसभर जे करतो ते वेगळंच असतं. बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, रस्त्यावरून नजर न हटवता बटण कसं सापडेल, याचा तो विचार करतो. २००२ साली जपानच्या ओकामुरा कंपनीनं जुजारोच्या स्टुडिओकडून ‘कॉन्तेसा’ नावाची ऑफिसची खुर्ची करून घेतली. साध्या खुर्चीची उंची बदलायची तर आपण वाकून खाली हात घालतो आणि दांडा चाचपडतो. कॉन्तेसात ते खटके हात टेकवायच्या दांड्यांच्या टोकाखाली आहेत. बसल्या जागी, पाठ न हलवता, बोटानं उंची आणि कल बदलतो. स्टिअरिंगवरचा हात न काढता इंडिकेटर द्यायचा, त्यातलीच ही गोष्ट. मी ती खुर्ची एका ओळखीच्यांच्या ऑफिसात बसून पाहिली आणि एफ-३ उचलल्यासारखंच वाटलं, हाताला आधीच माहीत असल्यासारखं.

आणि दुसऱ्याच्या कामात हात घातला की गोताच खायचा असेल, तर आपल्या घरातली स्कूटर कुठून आली? व्हेस्पा आखणारा कोरादिनो द’आस्कानिओ हा हेलिकॉप्टरवाला होता. मोटारसायकल त्याला आवडत नसे: साखळीचं तेल कपड्यांना लागतं, पंक्चर झालं तर चाक काढणं जिकिरीचं. म्हणून त्यानं १९४६ च्या त्या स्कूटरमधून साखळीच काढून टाकली, यंत्र पत्र्याखाली झाकलं, गिअर हँडलवर आणले, पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. साठच्या दशकात हीच स्कूटर परवान्यावर पुण्यात बनू लागली आणि १९७२ साली तिच्याच घडणीची चेतक आली.

आमच्याकडे ती होती, फिकट निळी. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या घाटात पुढचं चाक बसलं. आई पातळाचा पदर खोचून मला घेऊन कठड्याशी उभी राहिली. बाबांनी गाडी एका अंगाला कलती केली, एका बाजूनंच नट सोडवले, चाक ओढून काढलं, स्टेपनी चढवली. पँटला तेलाचा एक डाग नव्हता, आणि आम्ही जेवायच्या वेळेला आजोळी पोचलो.