बोलू नये, पण बोलतो

आमच्या इमारतीतले नाना कुठलंही वाक्य ‘बोलू नये, पण बोलतो’ असं सुरू करतात. ते ऐकलं की आसपास असेल ती खुर्ची धरावी.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या अंतराला नाव घातलं. अर्धं म्हणजे २१.०९७ किलोमीटर. (वरचे ते सत्त्याण्णव मीटर कुठल्या तरी नानांनीच सुचवले असणार.) बूट घेतले साडेसात हजारांचे. घरी तीन सांगितले.

मग रोज पहाटे शिवाजी पार्क. मी कट्ट्याच्या कडेने फेऱ्या मारायचो आणि नाना कट्ट्यावर.

पहिल्या फेरीला, “बोलू नये, पण बोलतो. तुझे गुडघे वडिलांवर गेलेत.”

दुसरीला, “अरे, धावतोयस होय! मला वाटलं, बस सुटली.”

तिसरीला काहीच बोलले नाहीत. शेजारच्याकडे बघून फक्त मान हलवली. ही मान सगळ्यांत वाईट. शब्दाला निदान उत्तर तरी देता येतं.

टीकेचं मला वावडं नाही. तिथेच नेटमधला कोच पोरांवर ‘कोपर वर, कोपर वर’ म्हणून आकाशपाताळ एक करत असतो. पण त्याला पुढचा बॉल नीट खेळलेला बघायचा असतो. नानांच्या सल्ल्यात पुढचा बॉलच नसतो. थेट घरी जायचं. वर ‘तुझ्या काळजीपोटी सांगतो’ हे असतंच.

डॉक्टरांनी गुडघे तपासून ठणठणीत म्हणून सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी उजवा दुखायला लागला. डॉक्टर एकदाच बोलले होते. नाना रोज बोलायचे.

जानेवारीतल्या त्या रविवारी अंधारातच माहीमहून सुटलो. सी-लिंकवर गार वारा, दोन्ही बाजूंना काळं पाणी, नाना घरी पांघरुणात; तरी कानात तेच, ‘वडिलांवर गेलेत, वडिलांवर गेलेत.’ वैताग म्हणजे माझी पावलंही त्याच ठेक्यात पडायला लागली. पेडर रोडचा चढ आला तेव्हा मी जवळजवळ नानांच्या मताचा झालो होतो. तेवढ्यात कडेला उभ्या एका अनोळखी आजींनी हातावर चिक्की ठेवली. “पळ रे बाळा, आलंच आता!”

अख्खा मरीन ड्राइव्ह बाकी होता. पण खोटं बोलावं तर असं. त्या चिक्कीवर मी शेवटपर्यंत पोचलो. २ तास ५८ मिनिटं.

संध्याकाळी नाना घरी आले. मेडल हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं.

“हे सगळ्यांनाच देतात ना?”

“पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना.”

“तेच म्हणतो.”

मला चक्क काहीच झालं नाही. हसूच आलं. तसे नाना अस्वस्थ झाले. नजर घरभर फिरली आणि दाराशी, माझ्या बुटांवर येऊन थांबली. बराच वेळ थांबली.

“बोलू नये, पण बोलतो,” या वेळी आवाज जरा खाली होता. “हेच बूट मी गेल्या वर्षी दुकानात पायात घालून बघितले होते. साडेसात हजार म्हणाला. ठेवून दिले.”

ही पोह्यांवर खोबरं घालत होती. ते मुठीतच राहिलं.